बिनआवाजाची कडी

कामतघर, भिवंडी
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

माजिदाबाई खोत यांस,

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: घरातला घडीचा लोखंडी पलंग. भांड्यांची स्टीलची मांडणी, जिच्यावर वेल्डिंगचा एक डाग दिसत नाही. मोरीवरचा पत्रा. मेघालीचा झोपाळा, तो आता माळ्यावर आहे. आईसाठी संडासात धरायची दांडी, आईच्याच उंचीची, दुसऱ्या कोणाला ती उपयोगाची नाही. चार पुडांच्या डब्याची पकड, जिच्यामुळे आमटीचा थेंब सांडत नाही. रीमाच्या शिलाई मशीनची मोटर, जुन्या मिक्सरमधली, पायाच्या दाबाने वेग कमीजास्त होणारी. खिडक्यांच्या जाळ्या. पुढच्या दाराची कडी. सत्तारशेठच्या यंत्रमाग कारखान्यातल्या निम्म्या लूम माझ्या हातून पुन्हा उभ्या राहिल्या आहेत, पण त्या यादीत घेत नाही, कारण त्याचा मला पगार मिळतो.

हे मला कोणी शिकवलं नाही. अंबाडीच्या शाळेत आठवीपर्यंत गेलो आणि पुढचं बघून बघून शिकलो.

यादी एवढ्यासाठी दिली की तुम्ही २८ ऑक्टोबरला ठाण्याच्या हॉस्पिटलात एका कागदावर सही केलीत आणि त्या सहीवर माझी बायको रीमा दाखल झाली. तिच्याशी लग्न मी केलं. दिवाळीनंतर तिची झोप उडाली तेव्हा तिच्याबरोबर मी जागा होतो. तिने घरातली सगळी भांडी गल्लीत नेऊन मांडली, तेव्हा ती शेजाऱ्यांच्या पायांतून मी उचलली. अँब्युलन्स मी बोलावली. आणि तिथे गेल्यावर टेबलामागची डॉक्टर मुलगी मला विचारते, "काका, ह्यांचे नामनिर्देशित प्रतिनिधी कोण?"

मी म्हणालो, "मी नवरा आहे."

"ते कळलं. पण ह्यांनी कोणाचं नाव लिहून दिलंय का? नव्या कायद्यात पेशंट बरा असताना स्वतः लिहून देऊ शकतो, की मी आजारी पडलो तर माझ्या वतीने कोणी बोलायचं, कोणती ट्रीटमेंट चालेल, कोणती नाही."

मी म्हणालो, असं काही नाही. तेव्हा माझ्या मुलीने, मेघालीने, जी माझ्या शेजारी उभी होती, कॉलेजच्या बॅगेतून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद काढला. त्यावर तुमचं नाव. खाली साक्षीदारांच्या दोन सह्या, त्यांतली एक मेघालीची. तिची सही मी ओळखतो. 'घा'चा काना लांब ओढायला मीच तिला शिकवलं आहे.

"बाबा, आईनेच सांगितलं होतं, गरज पडेपर्यंत दाखवू नको," ती म्हणाली.

मग दोन तासांनी तुम्ही आलात. खारबावहून, हातात थर्मास, पदराला सुया तशाच टोचलेल्या. रीमा कोणालाच जवळ येऊ देत नव्हती. तुम्ही शेजारी बसलात आणि काहीही केलं नाहीत. मी बघत होतो. तुम्ही काहीही केलं नाहीत. आणि तिने तुमच्या खांद्यावर डोकं टेकलं.

२०१६ साली ती पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा तुम्ही आमच्या आयुष्यात नव्हता. एका संध्याकाळी ती चालत निघून गेली आणि अंबाडी नाक्यावर सापडली, पायात चप्पल नाही. तेव्हा जुना कायदा होता. नातेवाईकाने अर्ज करायचा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, की झालं. मी अर्ज केला. हायवेवरच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये ती अडीच महिने होती आणि बरी होऊन घरी आली. तिथे काय झालं हे तिने मला कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलेलं दिसतं, कारण तुमच्या त्या कागदावर पहिलंच वाक्य आहे, 'मला बांधायचं नाही.' नऊ वर्षं एका पलंगावर झोपलो. पलंग मी केलेला. आणि ते वाक्य मला हॉस्पिटलच्या कागदावर वाचायला मिळालं.

शेवटचं वाक्य असं आहे: 'बरी झाल्यावर मी खारबावला माजिदाकडे राहीन, घरी कधी जायचं ते मी सांगेन.'

तर आता स्पष्ट लिहितो. मी कायद्याचं मराठी पुस्तक आणून वाचलं आहे, पेन्सिलने खुणा केल्या आहेत. प्रतिनिधी बदलायचा अधिकार पुनर्विलोकन मंडळाला आहे. मी मंडळाकडे अर्ज केला आहे की तुमचं नाव काढावं आणि माझं घालावं. रीमा घरी येईल. तुमच्याकडे नाही.

बाळाराम चिंधू केणे


शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

माजिदाबाई,

तुमचा आवाजातला मेसेज मिळाला. मी लिहून पाठवतो तर तुम्हीही लिहून पाठवा. मेसेजमध्ये मागे शिलाई मशीन चालू आहे आणि कोणीतरी बाई भाजीवाल्याशी भांडते आहे. अर्धा मेसेज मला मेथीचा भाव ऐकावा लागला.

जेवढं कळलं तेवढ्याला उत्तर देतो.

तुम्ही म्हणालात, "भाऊ, चिठ्ठी वाचली. अक्षर लय सुंदर. मदीहा म्हणाली, अम्मी, हे तर लग्नपत्रिकेसारखं लिहितात." तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा, पण विषय अक्षराचा नाही.

तुम्ही म्हणालात, "मी कुठे मागितलं होतं? रीमानेच गळ घातली. मी म्हटलं, माझं नाव कशाला, मला तर बँकेत पण अंगठा लावावासा वाटतो." मग नाही म्हणायचं होतं. मी असतो तर नाही म्हणालो असतो. दुसऱ्याच्या संसारात आपलं नाव घालताना माणसाने विचार करावा.

आता कायद्याबद्दल. मी तो दोनदा वाचला. मला त्यातलं एक कळत नाही आणि कोणाला विचारायची सोय नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो. ज्याचं डोकं बिघडणार आहे त्यालाच आधी विचारून ठेवायचं, की तुला कोण हवं? मोटर जळायच्या आधी मोटरला विचारतो का मी, की बाई, कोणता मिस्त्री बोलावू? लूमवर बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की लूम आपोआप थांबते. तशी सोय आहे तिच्यात. थांबली की माणूस जातो, गाठ मारतो, चालू करतो. धागा तुटलेली लूम चालू ठेवली तर सगळं कापड वाया जातं. जुन्या कायद्यात तेवढं तरी होतं. थांबवायचा अधिकार घरच्या माणसाकडे होता.

हे मी तुम्हाला मंगळवारी हॉस्पिटलच्या जिन्यात बोललो होतो. तुम्ही थर्मासचं झाकण फिरवत म्हणालात, "मोटरला तोंड नाही, भाऊ. रीमाला आहे." आणि वर गेलात. भेटायला वर जायचं की नाही हे आधी तिला विचारतात, आणि तिने तुमचं नाव घेतलं होतं.

मी खालच्या चौकातून बघत होतो. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत तुम्ही तिची वेणी घालत होता. तुमच्या दातांत रिबन होती, तुम्ही रिबन धरून बोलत होता आणि ती मान हलवत होती. मी कधी तिची वेणी घातली नाही. कोण नवरा घालतो? पण तिथे उभा असताना मला वाटलं की माझ्या घरातली वस्तू कोणीतरी माझ्यासमोर उचलून नेत आहे आणि मला ओरडायचीही सोय नाही. वस्तू हा शब्द बरोबर नाही. पण दुसरा सुचत नाही, म्हणून खोडत नाही.

मी पाठवलेला डबा परत आला. पकड कोणी उघडलीही नव्हती. नर्स म्हणाली, "त्यांनी खारबावची भाकरी खाल्ली." तुमची भाकरी मी खाल्ली आहे, गेल्या बकरी ईदला. एका बाजूला कच्ची होती.

कागदावरची तारीख मी पाहिली. १८ ऑगस्ट २०२३, शुक्रवार, म्हणजे लूमच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली होती, "मेघालीच्या कॉलेजच्या दाखल्यासाठी ठाण्याला जाते, माजिदा पण येतेय, मेघाली तिथेच भेटेल." मी रिक्षापर्यंत सोडायला गेलो होतो. तुम्ही रिक्षात सरकून तिला जागा दिलीत आणि मला म्हणालात, "लवकर आणून सोडते, काळजी करू नका." त्या दिवशी संध्याकाळी घरी काय झालं ते इथे लिहीत नाही. ते तुमचं नाही.

जीवन अँब्युलन्सवाला परवा कारखान्याच्या गेटवर भेटला. २०१६ ला त्याच्याच गाडीतून आम्ही गेलो होतो. त्याने एक मार्ग सांगितला. तोही इथे लिहीत नाही.

आई रोज विचारते, "रीमाला कदी आनशील? का न्हाय आनीत?" काय सांगू तिला? की तुझी सून खारबावला जाणार आहे, एका अभ्रे शिवणाऱ्या बाईकडे?

आणखी एक. तुमच्या घराचं पुढचं दार खाली लादीला घासतं. बकरी ईदला आलो होतो तेव्हाच पाहिलं. लावताना सगळ्या आळीला कळतं. दमटपणामुळे फुगलं आहे, बिजागरीही सैल आहे. भांडण आपल्या जागी, पण असलं दार मला बघवत नाही. सुट्टीच्या दिवशी येऊन रंधा मारून देईन.

बाळाराम चिंधू केणे


बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

माजिदाबाई,

उद्या अकरा वाजता ठाण्याला मंडळाची सुनावणी. रीमालाही आणणार आहेत. मी घरातल्या सगळ्या वस्तूंचे फोटो काढून फाइलमध्ये लावले आहेत, खाली नावं लिहिली आहेत. माणसाने काय केलं आहे ते फोटोत दिसतं. तुम्ही काय लावणार आहात?

वेळेवर या. अर्ज माझा आहे, तुमच्यामुळे तारीख पुढे गेली तरी उशीर माझ्याच नावावर लागेल.

बा. चिं. केणे


शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

माजिदाबाई,

काल तुम्ही तिथेच होतात. तरीही लिहितो, कारण तुम्ही ज्या खुर्चीवर बसला होता तिथून माझं तोंड दिसत नव्हतं आणि मला तुमचं दिसत होतं. झालं काय, ते एकदा नीट कागदावर हवं.

मला वाटलं होतं कोर्टासारखं असेल, पिंजरा वगैरे. साधी खोली होती. मोठं टेबल, पंख्याचं एक पातं थरथरत होतं, स्क्रू ढिला होता. मधोमध निवृत्त न्यायाधीश, शेजारी डॉक्टर, आणखी दोन-तीन जण. त्यांतल्या डाव्या बाजूच्या चष्म्यातल्या बाई सुरुवातीलाच म्हणाल्या, "मी स्वतः दोनदा भरती झालेली आहे. म्हणून मी ह्या मंडळावर आहे." मला ते विचित्र वाटलं. तुम्हाला बरं वाटलेलं दिसलं, कारण तुम्ही मुठीत धरलेला पदर सोडून हात मांडीवर ठेवलेत.

न्यायाधीश मला म्हणाले, "केणे, तुमचं म्हणणं सांगा."

मी उभा राहून सांगितलं. घर माझं, संसार माझा, आजारपण मी काढलं. फाइल पुढे केली. साहेबांनी फोटो एकेक करून पाहिले. आईच्या दांडीचा फोटो डॉक्टरांना आवडला. ते म्हणाले, "हे चांगलं केलंय. उंची मोजून केलंय." मला बरं वाटलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की जिंकलो.

मग फोटो त्या चष्म्यातल्या बाईंकडे गेले. त्यांनी एक फोटो उचलून धरला. "हे पुढचं दार ना? ही कडी बाहेरच्या बाजूला आहे का?"

"हो," मी म्हणालो. "२०१६ ला ती चालत निघून गेली होती ना, त्यानंतर बसवली. मी नाईट शिफ्टला जायचो. आईला ऐकू कमी येतं."

"म्हणजे तुम्ही ह्यांना आत ठेवून बाहेरून लावायचा."

"सुरक्षेसाठी, मॅडम."

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण त्या कडीबद्दल कोणी विचारलं की मला गप्प बसवत नाही. मी म्हणालो, "ही बाजारात मिळत नाही. लूमच्या जुन्या स्प्रिंगची आहे, आत पितळी बुश बसवलाय, आणि तेलाची खाच ठेवलीय. लावताना आवाजच होत नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून. आपल्याला कोंडतायत असं तिच्या कानावर पडू नये म्हणून मी तशी केली."

बाईंनी फोटो टेबलावर ठेवला. पंख्याचं पातं तेवढं थरथरत होतं.

न्यायाधीश रीमाकडे वळले. "ताई, तुम्हाला काही सांगायचंय? बसूनच सांगा."

तिने निळी साडी नेसली होती, तुम्ही आणलेली. वेणी घट्ट होती. ती माझ्याकडे न बघता बोलली, पण रागाने नाही. तुम्ही ऐकलंत.

"कडी लय चांगली हाय ह्यांची," ती म्हणाली. "आवाज येत न्हाय. म्हणून मला कळायचंच न्हाय, लावलीय का न्हाय. पहिले मी ढकलून बघायची. मग बघायचं सोडलं. नंतर ह्यांनी लावायची बंद केली, ते पण मला कळलं न्हाय. दार उघडंच असायचं आणि मी आत बसून असायची."

मॅडमनी विचारलं, "किती दिवस?"

"दिवस न्हाय. वर्षं. माजिदाने पहिल्यांदा येऊन दार ढकललं, शिवायला बाई पायजे म्हणून, तेव्हा मी तिला म्हटलं, तू आत कशी आलीस?"

मला हे ठाऊक नव्हतं. मी २०१७ च्या होळीनंतर कडी लावायचं बंद केलं होतं. बंद केलं म्हणजे झालं, असं मी धरून चाललो. तिला सांगायचं असतं हे सुचलं नाही. लावताना कधी सांगितलं नव्हतं, मग काढताना काय सांगणार?

मग न्यायाधीशांनी तिला विचारलं, "नवऱ्याचं नाव का नाही घातलंत?"

"मी बिघडले की ह्यांचे हात लगेच चालू होतात," ती म्हणाली. "हे करू, ते करू. माजिदाला काय येत न्हाय. ती नुसती बसून राहते."

तुम्ही मध्येच म्हणालात, "साहेब, मला शिलाई येते." त्यावर सगळे हसले. न्यायाधीशही हसले. रीमा हसली. मी तिच्याकडे बघितलं. ते हसू तुमच्याकडे बघून होतं.

तुमच्या दाराबद्दल ती बोलली तेव्हाही सगळे हसले. "तिचं दार लावलं तर स्टेशनपर्यंत ऐकू जातं. मला तिथं झोप लागते. दार लागलंय का उघडंय, झोपेत पण कळतं."

शेवटी ती म्हणाली, "ह्यांना काढा असं मी म्हणत न्हाय. हे भेटायला येतील, डबा आणतील. सहीला माजिदा."

मंडळाने माझा अर्ज नामंजूर केला. डॉक्टर म्हणाले, तिला सगळं समजतं आहे, तिचं म्हणणं पुरेसं आहे. उद्या तिला सोडतील आणि ती तिच्या मर्जीने तुमच्याकडे जाईल. घरी कधी यायचं ते ती सांगेल. न्यायाधीशांनी फाइल परत देताना मला सांगितलं, "केणे, दांडीचा फोटो चांगला आहे." मला त्यांचा रागच आला.

बाहेर तुम्ही माझ्यासाठी थांबला होता. "भाऊ, चहा घ्या. हरलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका." मी घेतला नाही. थर्मासमधला चहा मला आवडत नाही, प्लॅस्टिकचा वास येतो.

बा. चिं. केणे


शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५

माजिदाबाई,

आज खारबावला येऊन गेलो ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही बाजारात गेला होता, मुद्दाम गेला होता असं मला वाटतं. रीमाने दार उघडलं. ते दार उघडताना समोरच्या घरातली म्हातारी बाहेर येऊन बघून गेली.

माझ्या पिशवीत रंधा होता. दोन बिजागऱ्याही घेतल्या होत्या, योग्य मापाच्या. मागे एका पत्रात कबूल केलं होतं आणि मी कबूल केलेलं करतो. रीमाने पिशवीकडे बघितलं. "रंधा आणलाय का?"

"हो."

"राहू दे," ती म्हणाली. मग चहा टाकला.

मी पिशवी उघडली नाही. ती चहा करत होती तेव्हा मी दोनदा उठून दार लावून बघितलं. दोन्ही वेळा आवाज आला. तिने पाठमोरीच विचारलं, "काय करताय?" मी म्हणालो, "काही नाही." तर ते दार तसंच राहू द्या. कोणी फुकट दुरुस्त करून देतो म्हणाला तरी करू देऊ नका. पावसाळ्यात आणखी फुगेल, तरीही.

ती बरी दिसते. तुमच्या अंगणात अभ्र्यांचे गठ्ठे लावताना मेघालीचं काय चाललंय विचारत होती, आईच्या गुडघ्याचं विचारत होती. निघताना म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी या. आईंना पण आणा. त्यांना रिक्षात पुढे बसवू नका." घरी कधी येणार हे मी विचारलं नाही. विचारायचं ओठांवर आलं होतं. तिने ते ओळखलं आणि मला तुमच्या मदीहाच्या लग्नाचं काहीतरी सांगायला लागली.

आमच्या दाराची कडी मी काढली. फेकली नाही, चांगल्या मालाची आहे. भोकं भरून घेतली.

तुम्ही मला अजून आवडत नाही. हे लिहून ठेवतो म्हणजे गैरसमज नको. तुम्ही तिला तुमच्या ताटातली भाजी वाढता, ती तुमच्या आरशासमोर कुंकू लावते, रात्री काय स्वप्न पडलं ते सकाळी तुम्हाला सांगते. मला हे सगळं बोचतं. खारबावहून परत येताना रिक्षात सगळा वेळ मी तुमच्यातले दोष आठवत होतो, आणि कच्ची भाकरी सोडून दुसरा सापडला नाही, त्याचाही राग आला.

पण तुम्ही मला तेव्हा म्हणालात की मी हरलो. ते दुरुस्त करायला हे पत्र आहे.

१८ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ. तुम्ही तिला दुपारी परत आणून सोडलंत, सांगितल्याप्रमाणे. मी तिच्या शिलाई मशीनला मोटर बसवत होतो. वायर जोडली आणि तिला म्हणालो, पायाखाली दाब, हळू. तिने दाबलं. मी कापड धरलं होतं ते सोडायच्या आत सुई सरसर पुढे गेली आणि माझ्या शर्टाची बाही अभ्र्याला शिवली गेली. कोपरापर्यंत. मी मशीनला बांधला गेलो. ती आधी घाबरली, मग जमिनीवर बसली आणि हसायला लागली. आई आतून विचारते, "काय झाला गं?" हिला बोलता येईना. डोळ्यांतून पाणी, पोट धरलेलं, बोट माझ्याकडे. मी बाही उसवेपर्यंत ती हसत होती, आणि उसवता उसवता मीही. लग्नानंतर ती इतकी कधी हसल्याचं मला आठवत नाही.

आता मला ठाऊक आहे की त्याच दिवशी सकाळी तिने ठाण्याला तुमचं नाव लिहून दिलं होतं. सुरुवातीला हे कळलं तेव्हा मला ते हसणं खोटं वाटलं. मनातलं लपवून माझ्यावर हसली असं वाटलं. रात्री झोपताना मी तो शर्ट काढून बाही बघायचो, तिच्यावर टाक्यांच्या खुणा अजून आहेत.

जीवन कारखान्याच्या गेटवर भेटला होता, ते तुम्हाला लिहिलं होतं. त्याने जो मार्ग सांगितला तो असा. त्या जुन्या नर्सिंग होममधून डॉक्टरचा दाखला मिळवून देतो, मागच्या तारखेचा, सही-शिक्क्यासकट. त्यात लिहिलेलं असेल की १८ ऑगस्ट २०२३ रोजी रीमा बाळाराम केणे ही मनाने ठिकाणावर नव्हती, तिला समज नव्हती. तो मंडळापुढे ठेवला की तुमचं नाव असलेला कागद रद्द. "मग वहिनी तुमच्याच सहीवर, दादा, पहिल्यासारखं," तो म्हणाला. काम पक्कं होतं. सुनावणीच्या आधी आठवडाभर वेळही होता.

मी रात्रभर विचार केला. दाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. सकाळी तुमचं नाव लिहिताना तिला समज नव्हती असं मी लिहून घेतलं असतं, तर संध्याकाळी माझ्या बाहीवर हसतानाही तिला समज नव्हती असं झालं असतं. दोन्ही तिने एकाच डोक्याने केलं. सकाळचं तुम्ही घ्या. संध्याकाळचं माझं आहे, आणि ते मी कोणालाही वेडेपणा म्हणू देणार नाही, डॉक्टरलाही नाही.

तेव्हा हरलो असं म्हणू नका. जीवनला मी नाही म्हणालो. त्याने ऐंशी हजार सांगितले होते, साठवर आला असता. मी भाव केला नाही.